तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : जगातल्या लायब्रऱ्या कुठं निघाल्यात आणि आपलं वाचनालय कुठं आहे

मागच्या अंकात इफ्लाच्या अधिवेशनावर दोन पानं छापून आली आणि तेव्हापासनं पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं सुरूच आहे. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी एवढंच, की इफ्ला म्हणजे जगभरातल्या ग्रंथालय संघटनांची मिळून एक मोठी संघटना, १९२७ साली एडिंबरोत सुरू झाली, ऑफिस नेदरलँड्समधल्या हेगला, आणि दरवर्षी साधारण ऑगस्टमध्ये कुठल्या तरी देशात तिचं जागतिक अधिवेशन भरतं. २०२५ ला कझाकस्तानात अस्तानाला भरलं, २०२६ साठी दक्षिण कोरियातलं बुसान ठरलं. आलेल्या पत्रांतली इतरांच्याही कामाची वाटली ती खाली घेतलीत. नावं मुद्दाम गाळलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न : मी सीनियर कॉलेजात ग्रंथपाल आहे. परदेशातल्या कॉन्फरन्सला जायची फार इच्छा आहे, पण पेपर (म्हणजे आपला शोधनिबंध) असल्याशिवाय जाता येतं का, खर्च कोण देतं, तिथं नक्की काय चालतं, काहीच माहीत नाही. शिवाय मला बँकॉकच्या एका इंटरनॅशनल कॉन्फरन्सचा मेल आलाय, पेपर दोन दिवसात सिलेक्ट झाला म्हणतात आणि फी भरा म्हणतात. जाऊ का? (गडहिंग्लज)

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, जाऊ नका. दोन दिवसात पेपर पास करणारी कॉन्फरन्स ही कॉन्फरन्स नसते, ते हॉटेलच्या हॉलमध्ये मांडलेलं दुकान असतं. ओळखायचं कसं, तर एकाच हॉलमध्ये एकाच दिवशी लायब्ररी सायन्स, नर्सिंग, सिव्हिल इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंट सगळंच असतं, मेलमध्ये तुम्हाला 'डियर एमिनंट प्रोफेसर' म्हटलेलं असतं आणि कार्यक्रमपत्रिकेच्या आधी फीचं पान उघडतं. आयोजक कोण, त्या देशातली ग्रंथालय संघटना त्यात आहे का, मागच्या वर्षीचे पेपर कुठं वाचायला मिळतात का, एवढं बघितलं तरी निम्मं चित्र साफ होतं.

आता इफ्लाचं. पेपर नसला तरी जाता येतं, रजिस्ट्रेशन भरलं की झालं. आणि पेपर किंवा पोस्टर मंजूर झालं म्हणून रजिस्ट्रेशन माफ होतं असंही नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग ऐनवेळी धावपळ होते. फी काही शे युरोंत जाते, वर विमान, राहणं, व्हिसा. नवीन लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या देशातल्यांना मदत म्हणून काही ग्रँट निघतात, त्याची घोषणा अधिवेशनाच्या बरीच आधी होते, त्यामुळं वेबसाइटवर हिवाळ्यापासनंच लक्ष ठेवायचं. कॉलेजकडं रजेचा आणि मदतीचा अर्ज लेखी द्या, तोंडी 'बघू की मॅडम' यावर विसंबू नका. पासपोर्ट आजच काढून ठेवा.

तिथं काय चालतं? मी २०१८ ला क्वालालंपूरच्या अधिवेशनाला गेलो होतो. मोठमोठी भाषणं असतात, कानाला हेडफोन लावून वेगवेगळ्या भाषांतनं ऐकता येतं, ते सगळं छान असतं आणि दोन महिन्यांनी त्यातलं काही आठवत नाही. खरी मजा पोस्टरच्या हॉलमध्ये. प्रत्येकाला एक बोर्ड मिळतो, त्यावर आपलं पोस्टर टाचायचं आणि ठरलेल्या वेळेला शेजारी उभं राहायचं, येणारा-जाणारा थांबतो आणि विचारतो. माझ्याजवळ केनियाच्या एक बाई थांबल्या. त्यांच्याकडं गरिसा भागात १९९६ पासनं उंटावर पुस्तकांच्या पेट्या लादून पाड्यापाड्यावर नेतात. माझ्या पोस्टरवर आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या वाचनालयांचे फोटो होते, त्यांनी आकडे वगैरे काही बघितलं नाही, एका फोटोतल्या भिंतीवरच्या ओलीवर बोट ठेवलं आणि विचारलं, पावसाळ्यात पुस्तकं कुठं ठेवता? मग अर्धा तास आम्ही वाळवी, बुरशी आणि पत्र्याच्या पेट्या यावरच बोललो. असा प्रश्न विचारणारं माणूस तुम्हाला व्यासपीठावर भेटणार नाही.

म्हणून जाताना आपल्या कॉलेजचा एक नेमका प्रश्न घेऊन जा. 'जगातले ट्रेंड बघायचेत' म्हणून गेलात तर कापडी पिशव्या आणि पेनं घेऊन परत याल, एक्झिबिशनमध्ये फुकट मिळतात. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी वेगळी बैठक असते ती चुकवू नका, आणि आसपासच्या लायब्रऱ्या दाखवायला नेतात त्याचं नाव लवकर नोंदवा, जागा भरतात.

पैसे नाहीच जमले तर? अधिवेशनातले बरेच पेपर इफ्लाच्या ऑनलाइन रिपॉझिटरीत, म्हणजे साठ्यात, फुकट वाचायला मिळतात. हे अधिवेशन १९९२ ला दिल्लीतही भरलं होतं. शिवाय इन्फ्लिबनेट (विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारी सरकारी संस्था) आणि इयास्लिक (ग्रंथपालांची संघटना) यांच्या परिषदा देशातच होतात, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठून पुढं जाता येतं, पहिला सराव तिथं करा.

प्रश्न : आमचं सरकारी वर्गवारीतलं 'क' वर्गाचं वाचनालय. सकाळी पेपर वाचायला म्हातारी माणसं, दिवसभर एमपीएससीची पोरं, संध्याकाळी टाळं. तुमच्या लेखात थ्रीडी प्रिंटर, मेकरस्पेस (हातानं वस्तू बनवायची जागा) असलं वाचलं. आमच्या ट्यूबलाइटचे वांदे आहेत, आम्ही काय करायचं या ट्रेंडचं? (ता. कागल)

उत्तर : सचिवसाहेब, तुमचा वैताग पटला. हेलसिंकीत ऊडी नावाची लायब्ररी २०१८ च्या डिसेंबरात उघडली, पार्लमेंटच्या समोर, तिथं शिलाई मशीन आहे, थ्रीडी प्रिंटर आहे, गाणं रेकॉर्ड करायला स्टुडिओ आहे आणि पुस्तकं वरच्या मजल्यावर. डेन्मार्कमध्ये आरहूसला डॉक-वन नावाची लायब्ररी आहे, तिथं भलीमोठी घंटा टांगलीय, गावातल्या हॉस्पिटलात बाळ झालं की आईबाप तिकडनं बटण दाबतात आणि इकडं लायब्ररीत घंटा वाजते. भारीच आहे. पण त्यांची नक्कल करायला गेलो तर आपलं हसं होईल.

इफ्लानं २०१३ ला सिंगापूरच्या अधिवेशनात पहिला ट्रेंड रिपोर्ट काढला. त्यात तेव्हाच म्हटलं होतं की नवीन टेक्नॉलॉजी काहींसाठी माहितीचं दार उघडेल आणि काहींसाठी बंद करेल. २०२४ ला नवा रिपोर्ट ब्रिस्बेनला आला, त्यात एआय आहे, लोकांचा माहितीवरचा विश्वास कसा बदलतोय ते आहे, आणि एक मुद्दा असाही आहे की माणसं एकत्र येण्याची जागा शोधतायत. आता तुम्हीच सांगा, घरात दोन खोल्या, टीव्ही चालू, म्हणून पोरगं तुमच्याकडं अभ्यासाला येतं, त्याला तुम्ही टेबल-खुर्ची आणि पंखा देता, हे त्या शेवटच्या मुद्द्यात बसतं की नाही? तुमची अभ्यासिका ट्रेंडमध्येच आहे, फक्त ती संध्याकाळी टाळं लावती. पोरांनाच आळीपाळीनं किल्ली द्या आणि रात्री दहापर्यंत चालू ठेवा, बाकी सगळ्याच्या आधी हे करा.

दुसरं, एक जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर. महाडीबीटीचा फॉर्म, स्कॉलरशिप, पेन्शनचा हयातीचा दाखला, यासाठी लोक सायबर कॅफेत पैसे मोजतात आणि पासवर्ड तिथल्या पोराला सांगून येतात. हे काम तुमच्याकडं बसून, आपल्या हातानं, पासवर्ड कुणाला न सांगता करता आलं तर गावातली माणसं वाचनालयाच्या पायऱ्या चढतील. पुस्तक नेतीलच असं नाही, पण चढतील.

प्रश्न : परदेशात लायब्ररीला एवढा पैसा येतो कुठनं? आपल्याकडं देणगीदाराची पाटी लावल्याशिवाय कपाट येत नाही. (शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : कायद्यानं येतो. फिनलंडमध्ये लायब्ररी चालवणं ही नगरपालिकेची कायदेशीर जबाबदारी आहे, पाणी-रस्त्यासारखी. ब्रिटनमध्ये १८५० ला पब्लिक लायब्ररीज ॲक्ट आला आणि गावांना लायब्ररीसाठी कर लावायची मुभा मिळाली. गंमत बघा, त्याच १८५० साली आपल्या कोल्हापुरात नेटिव्ह लायब्ररी सुरू झाली, तेच आजचं करवीर नगर वाचन मंदिर. आणि भारतातला पहिला ग्रंथालय कायदा कुठं झाला, तर कोल्हापूर संस्थानात, १९४५ ला, मद्रासचा १९४८ चा त्याच्यानंतरचा. ही गोष्ट बाहेर सांगितली की लोक चाट पडतात आणि इथल्या किती जणांना माहितीय हा वेगळाच विषय. संस्थान विलीन झालं, पुढं महाराष्ट्राचा कायदा १९६७ ला आला, त्यात मद्रास-कर्नाटकासारखा ग्रंथालय कर नाही, लोकांनी संस्था काढायची आणि सरकारनं वर्गवारीप्रमाणं अनुदान द्यायचं. त्याचा फायदा असा की गल्लीबोळात, वाडीवस्तीवर वाचनालयं उभी राहिली, तोटा तुम्ही लिहिलाच आहे.

प्रश्न : मी विद्यापीठात बी.लिब. करतोय. सगळे म्हणतात एआय आल्यावर ग्रंथपाल कशाला पाहिजे, विचारलं की सांगतंय. मी लाइन बदलू का? (सायबर चौक, कोल्हापूर)

उत्तर : नको भावा. २०२५ च्या मे महिन्यात शिकागोच्या एका मोठ्या पेपरात उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी छापून आली, पंधरा पुस्तकं, लेखक सगळे खरे, नावाजलेले. त्यातली दहा पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. एआयनं नावं आणि कथानकं रचून दिली, माणसानं न तपासता पुढं सरकवली. मग वाचक लायब्ररीत जाऊन ती पुस्तकं मागणार आणि काउंटरवरच्या माणसानं काय सांगायचं? 'पुस्तक आमच्याकडं नाही' आणि 'पुस्तक जगातच नाही' या दोन उत्तरांत फरक आहे आणि दुसरं उत्तर छातीठोकपणे द्यायला कॅटलॉग शोधता यावा लागतो, प्रकाशकाचं, आवृत्तीचं बघावं लागतं. ते काम तुझं.

मराठीत तर आणखी अवघड. एआयला मराठी कुठनं येणार, नेटवर जेवढी आहे तेवढ्यावरनंच. हार्वर्डच्या लायब्ररीनं २०२५ ला कॉपीराइट संपलेली जवळपास दहा लाख पुस्तकं एआयच्या ट्रेनिंगसाठी खुली केली, अडीचशेपेक्षा जास्त भाषांतली. आपल्याकडच्या तालुक्याच्या वाचनालयात १९२० सालचं मासिक पडलंय, ते स्कॅन झालेलं नाही, झालं असेल तर नुसता फोटो आहे, त्यातला मजकूर मशीनला वाचता येत नाही. आणि नव्वदनंतर कॉम्प्युटरवर जुळवलेली पुस्तकं? ती बरीचशी श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टांत. स्क्रीनवर मराठी दिसती, कॉपी करून दुसरीकडं टाकली की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा पडतो. युनिकोड म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, त्यात नसलेली मराठी म्हणजे मशीनच्या लेखी मराठीच नाही. कुस्तीच्या तालमी, साखर कारखान्यांचे अहवाल, शाहू महाराजांच्या काळातली वसतिगृहं, यावरचं साहित्य आपल्या जिल्ह्याबाहेरचं कोण टाइप करत बसणार आहे?

तेव्हा लाइन बदलण्यापेक्षा दोन-तीन गोष्टी हाताखालनं घाल. एक कोहा. लायब्ररीचं फुकट सॉफ्टवेअर, न्यूझीलंडमधल्या एका लहान लायब्ररीनं करवून घेतलं, कारण २००० साल उजाडताना त्यांचं जुनं सॉफ्टवेअर तारखा चुकवणार होतं. आपल्या घरच्या लॅपटॉपवर टाक आणि शंभर पुस्तकांची नोंद स्वतः कर, त्याशिवाय कळत नाही. दुसरं, मराठी ओसीआर करून (स्कॅनच्या फोटोतली अक्षरं मशीननं ओळखून) आलेला मजकूर ओळीओळीनं दुरुस्त करायची सवय लाव, कंटाळवाणं आहे, ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं तपासताना डोळे दुखतात, पण हे येणारी माणसं फार कमी आहेत. आणि तुझ्या विद्यापीठाचं खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र हाकेच्या अंतरावर आहे, तिथं इंटर्नशिप माग. नाही म्हणाले तर परत माग.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, गुडघ्यामुळं वाचनालयाचा जिना चढवत नाही. मुलीकडं अमेरिकेत होते तेव्हा घरबसल्या लायब्ररीची ई-पुस्तकं मोबाइलवर मिळत होती. इथलं वाचनालय तसं का देत नाही? (राजारामपुरी)

उत्तर : बाई, वाचनालयाच्या मनात नाही असं नाही, त्यात मोठी मेख आहे. छापील पुस्तक एकदा विकत घेतलं की फाटेपर्यंत कितीही जणांना द्या. ई-पुस्तक लायब्ररीला बहुतेक वेळा विकत मिळतच नाही, लायसन्स मिळतं, आणि त्याला बऱ्याचदा मुदत असते. हार्परकॉलिन्स या प्रकाशकानं २०११ ला अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांना सांगितलं की एक ई-पुस्तक २६ वेळा दिलं की संपलं, परत पैसे भरा. २६ वेळाच का, तर म्हणे तेवढ्यात छापील पुस्तक झिजतं! आपल्या ग्रंथपालांना विचारा, कादंबऱ्या बाइंडिंग करून करून शंभरदा फिरतात. तेव्हापासनं लायब्रऱ्या आणि प्रकाशक यांचं हे भांडण मिटलेलं नाही, हे तुम्ही तिकडं मोबाइलवर वाचत होता तेव्हा मागं चालूच होतं. मराठी प्रकाशक ई-पुस्तकं काढतात ती बहुतेक एकेका वाचकाला विकायला, लायब्ररीसाठी वेगळी सोय फारशी नाही.

जे करता येतं ते असं, की लेखक वारल्याला साठ वर्षं झाली की आपल्या कायद्यानं कॉपीराइट संपतो, म्हणजे १९६४ पर्यंत वारलेल्या लेखकांनी हयातीत छापलेली पुस्तकं आता मोकळी आहेत, ती स्कॅन करून कुणालाही देता येतात. नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया, आयआयटी खरगपूर चालवतं, तिथं फुकट खातं उघडा आणि भाषा मराठी निवडून शोधा. नव्या कादंबऱ्यांसाठी मात्र गुडघ्याचा प्रश्न गुडघ्याच्याच पद्धतीनं सोडवावा लागेल. समितीला लिहा, आठवड्यातनं एकदा ज्येष्ठ सभासदांना घरपोच पुस्तक. एक सायकल आणि एक कॉलेजचा पोरगा, एवढाच खर्च आहे.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत, जन्मापासून दृष्टी नाही. शाळेची पुस्तकं मिळतात, पण गोष्टींची मराठी पुस्तकं ऐकायला मिळत नाहीत. लायब्ररीवाले कॉपीराइटचं कारण सांगतात. (इचलकरंजी)

उत्तर : ते कारण चुकीचं आहे, आणि हे त्यांना हा अंक दाखवून सांगा. २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यातच अपंग व्यक्तींसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात बदलायला सूट दिलीय, नफा न कमावता. पुढं २०१३ ला मोरोक्कोत मराकेश करार झाला, देशादेशांत अशी पुस्तकं पाठवता यावीत म्हणून, आणि त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत, २०१४ ला. असल्या ठिकाणी आपण पहिले असतो आणि आपल्यालाच पत्ता नसतो.

मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र घेऊन सुगम्य पुस्तकालयाचं सभासदत्व घ्या, ऑनलाइन आहे, २०१६ पासनं चालू आहे, मराठी पुस्तकंही आहेत. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, ते मराठी वाचतं. उच्चार सुरुवातीला यंत्रासारखा वाटेल, कान सरावतो, मुलं तर नंतर इतक्या स्पीडनं ऐकतात की आपल्याला एक शब्द कळत नाही. अडचण एकच येईल, वर त्या विद्यार्थ्याला सांगितलेली जुन्या फॉन्टची. प्रकाशकानं पीडीएफ दिली तरी ती श्रीलिपीतली असली तर स्क्रीन रीडर काहीतरीच बरळतो. फाइल मागताना 'युनिकोडमध्ये द्या' असं स्पष्ट लिहून मागा. प्रकाशक नाही म्हणाले तर आम्हाला कळवा, या सदरातनं आम्ही विचारू.

प्रश्न : २०१९ ला पंचगंगेचं पाणी वाचनालयात शिरलं, निम्मी पुस्तकं लगदा झाली. २०२१ ला परत तेच. परदेशी लायब्रऱ्या पुराचं काय करतात? (ता. शिरोळ)

उत्तर : फ्लॉरेन्सला १९६६ च्या नोव्हेंबरात आर्नो नदी अशीच शिरली, तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात लाखो पुस्तकं चिखलात गेली, आणि जगभरातनं तरुण पोरं येऊन कंबरभर चिखलातनं हातोहात पुस्तकं बाहेर काढत होती. भिजलेली पुस्तकं वाचवायचं आजचं बरंचसं शास्त्र त्या पुरानंतर घडत गेलं. त्यातलं आपल्याला जमेल असं सांगतो.

आधी वीज बंद, भिंत-छत बघून मगच आत जा. ओलं पुस्तक उघडायचं नाही. चिखल लागला असेल तर मिटलेलंच घट्ट धरून स्वच्छ पाण्यात हलकं बुडवायचं, घासायचं नाही. कपाटात फुगून गच्च बसलेली पुस्तकं ओढू नका, पुट्ठा हातात येतो, आधी कपाटाची फळी किंवा बाजू सैल करा. थोडी ओलसर असतील ती उभी करून पानं पंख्यासारखी पसरायची, मधेमधे कोरे कागद, छापलेला पेपर नको कारण शाई उतरती. सावलीत, पंखे लावून. कडक उन्हात ठेवलं की पानं आकसून वेडीवाकडी होतात. बुरशी दोन-तीन दिवसांत धरती, आणि इथंच बहुतेक वाचनालयं हरतात, कारण एवढ्या पुस्तकांना पसरायला जागाच नसती.

म्हणून जास्त पुस्तकं असतील तर गोठवायची. हो, फ्रीझरमध्ये. पातळ प्लास्टिकमध्ये एकेक गुंडाळून, खोक्यात एकच थर, कणा खाली करून. उणे अठरा-वीस डिग्रीला बुरशी थांबती आणि मग महिनाभरानं सवडीनं थोडी थोडी काढून वाळवता येतात. भाजीपाल्याचं कोल्ड स्टोरेज चालत नाही, ते शून्याच्या वर असतं. आईस्क्रीमवाले, मासळीवाले, डेअरीवाले यांच्याकडचा डीप फ्रीझर पाहिजे. पूर आल्यावर फोन करून उपयोग नाही, तेव्हा त्यांचंच घर पाण्यात असतं, जूनच्या आधी बोलून ठेवा, शक्यतो उंचावरच्या गावातल्या माणसाशी. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं पहिली न्यायची, त्यांची पानं वाळताना एकमेकाला चिकटून वीट होते आणि मग देवसुद्धा सोडवू शकत नाही.

आणि सगळं वाचवत बसू नका. बाजारात परत मिळणारी कादंबरी जाऊ दे. जुनी मासिकं, गावच्या सोसायटीची हस्तलिखितं, सही केलेल्या प्रती, दाखल नोंद रजिस्टर, यांची यादी आत्ताच करा, ती वरच्या फळीवर किंवा माळ्यावर हलवा, कपाटाला लाल पट्टी मारा म्हणजे अंधारात कुणालाही कळेल आधी काय उचलायचं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्या वाचनालयासाठी उचलाउचलीचा आकडा याच्याही आधीचा ठरवा आणि भिंतीवर लिहून ठेवा. पंचनाम्यासाठी फोटो काढल्याशिवाय एकही पुस्तक फेकू नका.

प्रश्न : सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर घेतल्या. जुनी रजिस्टरं रद्दीत घालू का, जागा अडतीय. (भुदरगड)

उत्तर : अजिबात नको. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर २०२३ च्या ऑक्टोबरात सायबर हल्ला झाला, हल्लेखोरांनी खंडणी मागितली, लायब्ररीनं दिली नाही, आणि पुढं जानेवारीपर्यंत त्यांचा मुख्य कॅटलॉग ऑनलाइन नव्हता. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत. तुमचा डाटा एकाच कॉम्प्युटरवर असेल तर आज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह वाचनालयात ठेवू नका, अध्यक्षांच्या घरी ठेवा. रजिस्टरं माळ्यावर.

प्रश्न : परदेशात म्हणे लायब्ररीनं दंडच बंद केला. आमच्याकडं दंड काढला तर पुस्तक परत कोण आणणार? (बिंदू चौक)

उत्तर : शिकागोच्या सार्वजनिक लायब्ररीनं २०१९ ला उशिराचा दंड बंद केला, जुनेही माफ केले, आणि वर्षानुवर्षं घरात पडलेली पुस्तकं लोक आणून द्यायला लागले. दंड वाढला की माणूस लाजेनं यायचंच बंद करतो, पुस्तकही जातं आणि सभासदही. पुस्तक हरवलं तर किंमत तिथंही घेतात, ते बरोबरच आहे. तुमच्या समितीला एकदम पटणार नाही, त्यामुळं निदान बालविभागाचा दंड काढून बघा, मेच्या सुट्टीत सुरू करा, दिवाळीपर्यंत किती पुस्तकं परत आली ते मोजा आणि आकडा आम्हाला कळवा, छापू.